पृथ्वीत बुडणारे भूपट्ट आणि भूकंपलहरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सबडक्शन झोन म्हणजे काय?

दोन भूपट्ट एकमेकांकडे सरकत येतात आणि त्यांतला थंड, जड सागरी भूपट्ट वाकून दुसऱ्याच्या खाली जाऊ लागतो. हा प्रकार जिथे घडतो तो पट्टा म्हणजे सबडक्शन झोन. पाठ्यपुस्तकांत त्याला अधोगमन किंवा निमज्जन क्षेत्र म्हटलेलं आढळेल. खाली गेलेल्या भूपट्टाला स्लॅब म्हणतात. सरकण्याचा वेग वर्षाला काही सेंटीमीटर असतो. ईशान्य जपानखाली पॅसिफिक भूपट्ट वर्षाला साधारण ८ सेंटीमीटर आत जातो. भूपट्ट वाकतो तिथे समुद्रतळावर खोल गर्ता तयार होते आणि आतल्या बाजूला ज्वालामुखींची रांग उभी राहते. आजवर मोजलेले सगळ्यात मोठे भूकंप याच पट्ट्यांतले आहेत: १९६० चा चिलीचा (महत्ता ९.५), १९६४ चा अलास्काचा (९.२), २००४ चा सुमात्रा-अंदमानचा (९.१) आणि २०११ चा जपानचा (९ च्या किंचित वर).

खोदून सरळ का पाहत नाहीत?

प्रयत्न झाले आहेत. माणसाने खोदलेलं सगळ्यात खोल छिद्र रशियातल्या कोला द्वीपकल्पावर आहे. ते १२,२६२ मीटरवर थांबलं. जपानच्या नानकाई गर्तेजवळ ‘चिक्यू’ या जहाजाने दोन भूपट्टांमधल्या भ्रंशापर्यंत, म्हणजे ते एकमेकांवर घसरतात त्या भेगेपर्यंत, पोहोचायचं ठरवलं होतं. समुद्रतळाखाली सुमारे ५ किलोमीटर खोल जायचं होतं, पण भोक ३,२६२.५ मीटरवर अडलं. तेवढी खोलीसुद्धा मोठा पराक्रम आहे. मात्र ज्वालामुखींच्या रांगेखाली स्लॅब साधारण १०० किलोमीटर खोल असतो आणि काही स्लॅब त्याच्याही कितीतरी खाली गेलेले आहेत. तिथवर पोहोचून परत येणारी एकच गोष्ट आपल्या हाताशी आहे: भूकंपाची लहर.

लहरी कोणत्या आणि त्यांतून काय वाचता येतं?

मुख्यतः दोन. पी लहर खडकाला पुढे-मागे दाबत जाते आणि सगळ्यात आधी पोहोचते. एस लहर खडकाला आडवी हलवते, मागाहून येते आणि द्रवातून जाऊच शकत नाही. भूकवचात पी लहरीचा वेग सेकंदाला ६ किलोमीटरच्या आसपास असतो, त्याखालच्या प्रावरणाच्या वरच्या थरात ८ च्या आसपास. पी लहरीच्या वेगाला १.७३ ने भागलं की बहुतेक खडकांतला एस लहरीचा वेग निघतो. हा १.७३ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एक नोंद जवळून पाहू. भूकंपालेखावर आधी काहीच नसतं, फक्त समुद्राच्या लाटांची आणि वाऱ्याची बारीक थरथर. मग उभ्या घटकाच्या, म्हणजे जमिनीची वर-खाली हालचाल दाखवणाऱ्या, रेषेवर अचानक एक टोकदार हालचाल दिसते, ती पी. बारा सेकंदांनी आडव्या घटकांवर मोठी, संथ हालचाल सुरू होते, ती एस. जवळच्या भूकंपासाठी या फरकाला साधारण ८ ने गुणायचं. म्हणजे बारा सेकंदांचा फरक असेल तर भूकंप ९६ किलोमीटरच्या आसपास. तीन-चार स्थानकांची अशी अंतरं जुळवली की जागा सापडते. सबडक्शन झोनमध्ये मात्र पी आणि एस यांच्या मधोमध पुष्कळदा आणखी एक छोटी लहर डोकावते. ती स्लॅबच्या वरच्या पृष्ठभागावर रूप बदलून आलेली असते. नवखा माणूस तिला गोंगाट समजून सोडून देतो. पण स्लॅबचा पृष्ठभाग किती खोल आहे, हे तिच्या येण्याच्या वेळेवरून काढता येतं.

भूपट्ट खाली जातो हे पहिल्यांदा कुणाला दिसलं?

जपानच्या कियू वादाती यांनी १९२८ मध्ये दाखवून दिलं की काही भूकंप शेकडो किलोमीटर खोल होतात. पुढे १९३५ मध्ये त्यांनी अशा भूकंपांच्या खोलीच्या रेषा नकाशावर काढल्या. समुद्राकडून जमिनीकडे येताना भूकंप अधिकाधिक खोल होत जातात, हे त्या रेषांत स्पष्ट दिसत होतं. अमेरिकेत ह्यूगो बेनिऑफ यांनी १९४९ आणि १९५४ मध्ये इतर गर्तांखालीही अशाच तिरक्या पट्ट्या दाखवल्या. म्हणून आज त्याला वादाती-बेनिऑफ क्षेत्र म्हणतात. भूपट्ट सिद्धांत तेव्हा जन्मालाही आला नव्हता. वादातींनी तिरका पट्टा कागदावर उतरवला आणि तो तिरका का, याचं उत्तर मिळायला तीस वर्षं गेली.

ते उत्तर पक्कं करण्यात पॅसिफिकमधल्या टोंगा आणि फिजी या बेटांवरच्या नोंदींचा मोठा वाटा आहे. जॅक ऑलिव्हर आणि ब्रायन आयझॅक्स यांनी १९६७ मध्ये एक विलक्षण निरीक्षण मांडलं. खोल भूकंपाच्या ज्या लहरी त्या तिरक्या पट्ट्यातूनच वर टोंगाला येत होत्या, त्या खणखणीत होत्या. एस लहरीतली बारीक, जलद कंपनंसुद्धा शाबूत होती. त्याच भूकंपांच्या फिजीकडे गेलेल्या लहरी बोथट होऊन पोहोचत होत्या. भूकंपांच्या पट्ट्याभोवती सुमारे १०० किलोमीटर जाडीचा थंड, कडक खडकाचा स्लॅब असला, तरच याची संगती लागते. तप्त, मऊ प्रावरणात लहरीची ऊर्जा जिरते, थंड स्लॅबमध्ये ती टिकते.

भूकंप एकीकडे आणि हादरा भलतीकडे, असं का होतं?

कारण तेच. जपानमध्ये समुद्राखाली खोल भूकंप झाला की त्याच्या थेट माथ्यावरच्या भागाला फारसं जाणवत नाही आणि शेकडो किलोमीटर दूरचा पॅसिफिककडचा किनारा हलतो. स्लॅब एखाद्या नळीसारखा लहरींना आपल्या अंगातून वर घेऊन जातो. ३० मे २०१५ रोजी ओगासावारा बेटांजवळ जवळपास ८ महत्तेचा भूकंप झाला. त्याची नाभी, म्हणजे तो जिथे सुरू झाला ती जागा, ६६० किलोमीटरहून खोल होती, तरी जपानच्या सर्वच्या सर्व ४७ प्रांतांत तो जाणवला.

टोमोग्राफी म्हणजे सीटी स्कॅनच ना?

टोमोग्राफी म्हणजे लहरींना लागलेल्या वेळांवरून जमिनीखालच्या वेगाचं चित्र काढणं. गणित त्याच घराण्यातलं आहे, अडचणी मात्र वेगळ्या. सीटी स्कॅनमध्ये किरण कुठून सोडला आणि कुठे पकडला, दोन्ही आपल्या हातात असतं. इथे भूकंप कुठे, किती खोल आणि नेमका कितव्या सेकंदाला झाला, हेही त्याच नोंदींवरून काढावं लागतं. शिवाय यंत्रं प्रामुख्याने जमिनीवर, म्हणजे एकाच बाजूला असतात. शरीराच्या फक्त पाठीकडून स्कॅन केल्यासारखं ते होतं.

मोजायचं काय असतं, तेही पाहू. समजा लहर २०० किलोमीटर प्रवास करते. सर्वसाधारण प्रावरणात सेकंदाला ८ किलोमीटर वेगाने तिला २५ सेकंद लागतील. तोच प्रवास थंड स्लॅबमधून सेकंदाला ८.३ किलोमीटर वेगाने झाला तर २४.१ सेकंद. फरक सेकंदापेक्षाही कमी. एवढ्याशा फरकावर सगळी इमारत उभी असते, म्हणून पी लहरीची सुरुवात नेमकी कुठे झाली हे ठरवण्यात झालेली दशांश सेकंदाची चूकही महागात पडते. अशा हजारो, कधी लाखो प्रवासवेळा एकत्र घेऊन संगणकाला विचारतात: जमिनीखाली कुठे वेग जास्त आणि कुठे कमी धरला, तर या सगळ्या वेळा एकाच वेळी जुळतील? केइती आकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात ही वाट घालून दिली.

टोमोग्राफीच्या चित्रातला लाल भाग म्हणजे लाव्हा का?

हा गैरसमज सगळ्यात जास्त आढळतो आणि तो दूर व्हावा असं मला मनापासून वाटतं. लाल म्हणजे लहर अपेक्षेपेक्षा सावकाश गेली, निळा म्हणजे लवकर गेली. बस. चित्रात खडक नसतो, वेग असतो. वेग कमी होण्याची कारणं अनेक: खडक तापलेला आहे, त्याच्या कणांमध्ये थोडासा द्रव खडक आहे, पाणी आहे किंवा मुळात खनिजच वेगळं आहे. ज्वालामुखींच्या खाली, स्लॅबच्या वर असलेल्या पाचरीच्या आकाराच्या प्रावरणात लहरी मंदावतात, पण तिथे लाव्ह्याचं तळं साठलेलं नसतं. बहुतांश खडक घनच असतो, कणाकणांच्या सांध्यांत वितळलेला अंश असतो.

कारण ओळखायला १.७३ चा आकडा उपयोगी पडतो. पी आणि एस या दोन्हींचे वेग एकाच जागी मोजून गुणोत्तर काढायचं. उष्णतेने दोन्ही मंदावतात. पण पाणी किंवा वितळलेला खडक असला की एस लहरीचं जास्त नुकसान होतं, कारण द्रवाला आडवा ताण पेलत नाही. गुणोत्तर १.७३ वरून १.८, १.९ किंवा त्याहून वर गेलं की पाण्याचा किंवा वितळलेल्या खडकाचा संशय घ्यायचा.

आणि सबडक्शनच्या सगळ्या गोष्टीत मुख्य पात्र पाणीच आहे, असं माझं ठाम मत आहे. सागरी भूपट्ट खाली जाताना खनिजांत बांधलेलं पाणी बरोबर घेऊन जातो. दाब आणि उष्णता वाढली की ती खनिजं मोडतात, पाणी सुटतं आणि वरच्या प्रावरणात चढतं. पाण्याच्या संगतीत प्रावरणाचा खडक कमी तापमानालाच वितळू लागतो. ज्वालामुखींची रांग उभी राहते ती त्यामुळे. स्लॅबमधल्या बेसाल्टचं याच प्रवासात एक्लोगाइट होतं. ते जास्त घन आणि जड असतं, लहरी त्यातून वेगाने जातात आणि स्लॅब स्वतःच्याच वजनाने आणखी खाली खेचला जातो.

गर्तेच्या जवळ, जिथे प्रावरण तुलनेने थंड असतं, तिथे पाणी मिळाल्यावर खडकाचं सर्पेंटिनमध्ये रूपांतर होतं. या खनिजात वजनाच्या १२-१३ टक्के पाणी असतं. लहरी त्यात इतक्या मंदावतात की एक चमत्कारिक गोष्ट घडते. भूकवच संपून प्रावरण सुरू होतं ती सीमा म्हणजे मोहो. क्रोएशियन शास्त्रज्ञ मोहोरोव्हिचिच यांनी ती १९०९ मध्ये शोधली. ती ओलांडून खाली जाताना लहरीचा वेग वाढतो, हीच तिची ओळख. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कॅस्केडिया पट्ट्यात मात्र २००२ मध्ये संशोधकांना उलटा मोहो दिसला: सीमा ओलांडल्यावर वेग वाढायच्या ऐवजी कमी होत होता. खालचं प्रावरण पाणी पिऊन वरच्या कवचापेक्षाही मंद झालं होतं. त्या भागातला मोहो आधीच्या अभ्यासांत नीट सापडत का नव्हता, याचा उलगडा त्यातून झाला.

रिसीव्हर फंक्शन काय असतं?

टोमोग्राफी वेगाचे ढोबळ डाग दाखवते. थरांच्या सीमा टोकदार दाखवायला रिसीव्हर फंक्शन लागतं. हजारो किलोमीटर दूरच्या भूकंपाची पी लहर स्थानकाच्या खालून वर येते. वाटेत एखादी सीमा लागली की तिच्या ऊर्जेचा थोडा भाग एस लहरीत बदलतो. दोघी तिथून निघतात, पण एस मागे पडते. ३५ किलोमीटर खोल सीमा असेल तर साधारण ४ सेकंदांनी मागे. हा उशीर मोजला की सीमेची खोली मिळते. भूकंपाची स्वतःची गुंतागुंत वगळण्यासाठी आडव्या घटकाच्या नोंदीतून उभ्या घटकाची नोंद गणिताने काढून टाकतात. एकाच स्थानकावर असे पन्नास-शंभर भूकंप एकावर एक ठेवले की गोंगाट बुजतो आणि सीमा उरतात.

कॅस्केडियात या पद्धतीने स्लॅबच्या माथ्यावर काही किलोमीटर जाडीचा, अतिशय मंद वेगाचा थर सापडला. त्यातलं पी-एस गुणोत्तर इतकं मोठं आहे की तिथे पाणी कोंडलेलं आहे आणि वरच्या खडकाचं जवळजवळ सगळं वजन त्या पाण्याच्या दाबाने तोललं आहे, असा निष्कर्ष निघाला. इतका दाब असेल तर दोन भूपट्टांमधला सांधा सहज घसरतो. आणि तो घसरतोच, पण संथपणे. २००१ मध्ये जीपीएसच्या मोजमापांत दिसलं की कॅस्केडियाच्या खोल भागात भूकंपाशिवायच, काही आठवडे चालणारी घसरण होते. २००२ मध्ये जपानमध्ये काझुशिगे ओबारा यांनी स्लॅबच्या जवळून येणारी मंद, लांबलचक थरथर ओळखली. २००३ मध्ये कॅस्केडियात दोन्ही गोष्टी जोडीने घडताना सापडल्या, साधारण दर चौदा महिन्यांनी.

भूकंप होईपर्यंत वाट पाहावी लागते का?

नाही. समुद्रात जहाजामागे एअर गन ओढतात. दाबलेली हवा एकदम सोडली की पाण्यात धक्का तयार होतो. तो समुद्रतळाखालच्या थरांवर आदळून परततो आणि जहाजामागच्या कित्येक किलोमीटर लांब तारेवरच्या ध्वनिग्राहकांत नोंदला जातो. गर्तेजवळचा गाळ कसा खरवडला जाऊन ढिगासारखा रचला जातो आणि मुख्य भ्रंशातून वर समुद्रतळाकडे फाटे कसे फुटतात, हे अशा चित्रांत स्पष्ट दिसतं. नानकाईत १९४४ च्या तोनांकाई भूकंपाच्या क्षेत्रात असाच एक मोठा फाटा सापडला. असा फाटा घसरला तर समुद्रतळ अधिक उभा उचलला जातो आणि त्सुनामी वाढते. एअर गनच्या आवाजाचा देवमाशांना त्रास होतो, हे खरं आहे. म्हणून अनेक देशांत निरीक्षक ठेवणं आणि देवमासा जवळ आला की आवाज थांबवणं बंधनकारक आहे.

दुसरा मार्ग मला जास्त सुंदर वाटतो. समुद्राच्या लाटा अहोरात्र जमिनीला हलवत असतात. दोन स्थानकांवरची महिनोन्महिने साठलेली ही थरथर एकमेकांशी ताडून पाहिली की, एका स्थानकावर टिचकी मारली असती तर दुसऱ्यावर काय नोंदलं गेलं असतं, ते मिळतं. वर्षानुवर्षं जे गोंगाट म्हणून टाकून दिलं जात होतं, त्याचाच असा उपयोग २००० नंतरच्या पहिल्या दशकात सुरू झाला. हे तंत्र प्रामुख्याने कवच आणि त्याच्या लगतच्या खालच्या भागासाठी चालतं.

समुद्रतळावर यंत्रं ठेवायचा एवढा आग्रह का?

कारण गर्ता किनाऱ्यापासून दूर असते. ईशान्य जपानजवळ ती सुमारे २०० किलोमीटरवर आहे. एकाच बाजूच्या स्थानकांवरून इतक्या दूरच्या भूकंपाची खोली धड ठरत नाही. ११ मार्च २०११ रोजी सगळ्यात मोठी घसरण, सुमारे ५० मीटर, गर्तेच्या अगदी लगत झाली. तो उथळ भाग फारसा घसरणार नाही असं तोवर बहुतेक जण मानत होते. त्या भूकंपानंतर जपानने एस-नेट हे जाळं उभारलं: १५० निरीक्षण केंद्रं आणि त्यांना जोडणारी सुमारे साडेपाच हजार किलोमीटर केबल.

केबल नसेल तिथे सुटी यंत्रं जहाजावरून सोडतात. ती वजनाने तळाशी जातात, अनेक महिने तिथे एकटी नोंदत राहतात आणि जहाजाने ध्वनिसंकेत दिला की वजन सोडून वर तरंगत येतात. तळाशी जीपीएस पोहोचत नाही, त्यामुळे आतलं घड्याळ हळूहळू चुकत जातं. सोडताना आणि काढताना ते पडताळून मधली चूक वाटून द्यावी लागते. यंत्र तळावर पडलं तेव्हा त्याचं तोंड कुठल्या दिशेला होतं, हेही कुणी पाहिलेलं नसतं. ते दूरच्या भूकंपांच्या लहरी कोणत्या दिशेने आल्या यावरून नंतर ठरवतात. सेकंदाचा दशांश मोजायच्या आधी एवढी मशागत करावी लागते.

स्लॅब किती खोल जातो?

भूकंप ७०० किलोमीटरच्या आसपास थांबतात. २०१३ चा ओखोत्स्क समुद्राखालचा ८.३ महत्तेचा भूकंप ६०० किलोमीटरहून खोल झाला होता. पण भूकंप थांबले म्हणजे स्लॅब संपला असं नाही. ६६० किलोमीटरवर खनिजांची रचना बदलते आणि तिथे काही स्लॅब अडखळतात. जपानकडून आलेला स्लॅब ईशान्य चीनच्या खाली बराच दूरवर आडवा पसरलेला दिसतो. काही स्लॅब ती सीमा पार करतात. उत्तर अमेरिकेच्या खाली, खालच्या प्रावरणात फॅरेलॉन नावाच्या जुन्या भूपट्टाचे अवशेष लहरींनीच दाखवले. पृथ्वीच्या पाठीवरून तो भूपट्ट जवळजवळ नाहीसा झाला आहे.

समुद्र नसलेल्या ठिकाणी खोल भूकंप कसे होतात?

हिंदुकुशखाली २०० किलोमीटरच्या आसपास आणि रोमानियातल्या व्रांचा भागात १०० किलोमीटरच्या वर-खाली भूकंप होतात. आज तिथे महासागर नाही, पण कडक खडक खाली लोंबत असल्याचं टोमोग्राफीत दिसतं.

या चित्रांवर किती विश्वास ठेवावा?

जिथून सगळ्या दिशांनी लहरी गेल्या आहेत तिथे बराच, जिथून एकाच दिशेने गेल्या आहेत तिथे जपून. सेकंदाला ८ किलोमीटर जाणारी आणि सेकंदाला एकदा कंप पावणारी लहर ८ किलोमीटर लांबीची असते. तिच्याकडून १ किलोमीटरच्या तपशिलाची अपेक्षा धरणं चूक. शिवाय किरणांच्या दिशेने डाग ओढले जातात, त्यामुळे छोटा गोळा लांबट दिसतो. ताडून पाहण्यासाठी संशोधक बुद्धिबळाच्या पटासारखी खोटी रचना संगणकात घालतात आणि त्याच स्थानकांनी, त्याच भूकंपांनी ती परत मिळते का, ते बघतात. संशोधनाच्या लेखात ही चाचणी दिलेली नसेल तर रंगीत चित्र पाहून हुरळून जाऊ नका.

यातून पुढचा मोठा भूकंप कधी होणार हे कळेल का?

कधी, ते नाही. कुठे सांधा अडकलेला आहे, भ्रंशाचा उतार किती आहे, पाणी कुठे कोंडलं आहे, वरच्या गाळात हादरा किती वाढेल, हे कळतं. त्यावर इमारतींचे नियम आणि त्सुनामीचे अंदाज बेततात. भूकंपाचा इशारा ही वेगळी गोष्ट आहे: भूकंप सुरू झाल्यावर पी लहर पकडून, मोठा हादरा पोहोचायच्या आधी काही सेकंद सूचना द्यायची. जपानमध्ये ही सेवा ऑक्टोबर २००७ पासून सर्वांसाठी सुरू आहे.

मला स्वतः एखादी नोंद पाहायची असेल तर?

जगभरातल्या बऱ्याच स्थानकांच्या नोंदी विनामूल्य मिळतात आणि त्या वाचायला ऑब्सपाय हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. सुरुवातीला ६०० किलोमीटर खोलीचा एखादा मोठा भूकंप निवडा आणि त्याची पाच-सहा हजार किलोमीटर दूरच्या स्थानकावरची उभ्या घटकाची नोंद उघडा. खोल भूकंपाची पी लहर स्वच्छ, टोकदार येते, ती लगेच सापडेल. मग पुढे दोन मिनिटांच्या आसपास शोधा. तिथे तिच्याचसारखी आणखी एक लहर दिसेल. तीही पी लहरच आहे, फक्त ती भूकंपाच्या जागेवरून आधी वर गेली, जमिनीच्या पाठीवर आदळून उलटी फिरली आणि मग पृथ्वीच्या पोटातून तुमच्या स्थानकावर आली. त्या दोन मिनिटांवरून भूकंपाची खोली काढता येते.